शेऱ्याचा रकाना

अप्पांच्या दुकानात सरळ पायाचं गिऱ्हाईक क्वचितच यायचं. सरळ पायाला बाजारात हवे तितके बूट मिळतात. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची टाच जमिनीला टेकत नाही, ज्यांची बोटं एकमेकांवर चढून बसलेली, अशी माणसं विचारत विचारत त्या गल्लीच्या टोकाशी यायची. अप्पा त्यांना स्टुलावर बसवायचे, पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचे आणि थोडा वेळ नुसताच धरून ठेवायचे. मापाची फीत काढायची ती त्यानंतर.

मापं पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरायची. लांबी, चवड्याचा घेर, टाचेची उंची. सगळे आकडे. बाकीचं अप्पांच्या डोक्यात.

अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला. वाचा शाबूत राहिली, पण रापी धरणारा हातच गेल्यावर चामडं कापायचं कसं? ते काम मुलीच्या अंगावर पडलं. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पस्तिशी उलटली तरी धाकटीच. वरच्या चामड्याची शिवण ती लहानपणापासून घालत होती, त्यामुळे कार्ड समोर ठेवून बूट बनवणं तिला जमायचं. फक्त ते बूट परत यायचे.

टपालवाला बूट हातात घेऊनच आला. "ताई, माप अगदी बरोबर आहे. पण हा माझा बूट नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अप्पा म्हणाले, "त्याच्या डाव्या टाचेखाली नमद्याचा जाड लोकरी तुकडा घाल. त्याची अर्धी वाट चढाची आहे."

"मग कार्डावर का नाही लिहिलंत?"

"लिहायचं कशाला? मला माहीत होतं की."

त्या दिवशी धाकटीच्या मनात पहिल्यांदा आलं: अप्पांना माहीत होतं, पण अप्पा किती दिवस पुरणार?

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास चालायचा. तिने तिथे नाव घातलं. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, त्याचा जुना लॅपटॉप पाठवून दिला, पण फोनवर कुरकुर केलीच. "या वयात प्रोग्रामिंग शिकून काय दिवे लावणार आहेस? दुकान बंद कर आणि अप्पांना घेऊन इकडे ये. माझ्याकडे खोली रिकामी आहे."

"अप्पा यायचे नाहीत."

"तू विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. उत्तर माहीत असल्यासारखं वाटत होतं.

क्लासमधले सर तिच्याहून लहान होते. बोलताना हातवारे फार करायचे आणि खडूची भुकटी स्वतःच्याच सदऱ्यावर सांडायचे. शेजारच्या बाकावर बेकरीत काम करणारी एक मुलगी बसायची. बाकी सगळी कॉलेजातली पोरं. ॲरे शिकवायच्या दिवशी सरांनी फळ्यावर खणांची एक रांग काढली. सगळ्या खणांचं नाव एकच, ओळख फक्त क्रमांकाने, आणि क्रमांक सुरू होतो शून्यापासून. घरी आल्यावर धाकटीने ते अप्पांना सांगितलं.

"शून्यापासून?" अप्पांनी डोळे बारीक केले. "म्हणजे पहिला पाय शून्यावा?"

"हो."

"आणि दुसरा पहिला?"

"हो ना."

"मग माझ्याकडे पाय दोन आहेत की एक, ते तुझ्या सरांना विचारून ये." आणि ते अर्ध्या तोंडाने हसले. उरलेलं अर्धं हसत नसे.

क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय, हे मात्र तिला पोरांच्या आधी कळलं. निदान तिला तसं वाटलं. तिने हात वर केला. "सर, क्लास म्हणजे आमचं कलबूत. चामडं ज्याच्यावर ताणून बूट बनवतात ना, तो लाकडी पाय."

सरांना कलबूत ठाऊक नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग मान डोलावली, मग पुन्हा थांबले. "जवळपास. पण कलबूत तुम्हाला हातात धरता येतं. क्लास धरता येत नाही. 'पाय' म्हटल्यावर त्याच्याबद्दल काय काय ठाऊक असायला हवं आणि त्याला काय काय करता यायला हवं, याची आधी केलेली ठरवाठरवी म्हणजे क्लास. त्या ठरावाप्रमाणे एखाद्या खऱ्या माणसाचा डावा पाय मांडलात की तो ऑब्जेक्ट. त्याचाच उजवा पाय हा दुसरा ऑब्जेक्ट. रकाने तेच, आतला मजकूर ज्याचा त्याचा."

"आणि करता काय येईल त्याला?"

"दोन्ही पायांच्या उंचीतला फरक काढून टाच किती चढवायची, ते तो तुम्हाला सांगेल. तसं लिहायचं आपण. पण रकाने कोणते हवेत, ते मी नाही ठरवणार. ते तुम्ही घरून ठरवून आणा."

तिने अप्पांना विचारलं. "लांबी-रुंदी कुणीही मोजेल," ते म्हणाले. "एक रकाना शेऱ्याचा ठेव."

"शेऱ्याचा?"

"मास्तर प्रगतिपुस्तकावर मारतात ना, तसा शेरा. माणूस आपल्या पायावर कसा उभा राहतो, ते त्यात लिही."

मग रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, दुकानाचं दार अर्धं लोटून दोघं बसू लागली. ती एकेक कार्ड उचलून नाव वाचायची आणि अप्पा सांगायचे. सरांनी तिला बजावलं होतं, की ऑब्जेक्ट प्रोग्राम चालू असेपर्यंतच जिवंत. दुकान बंद झालं की गिऱ्हाइकं घरी जातात, तसे प्रोग्राम बंद झाला की ऑब्जेक्ट जातात. पुन्हा हवे असतील तर सगळं फाइलमध्ये उतरवून ठेवावं लागतं. तो धडा यायचा होता. तोवर तुम्ही एका फाइलमध्ये नुसतं टाइप करून ठेवा, ते म्हणाले, पुढे प्रोग्राम ते वाचेल.

अप्पा काय एकेक सांगायचे! गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आहे आणि त्या नेमका त्याच पायाने ताल धरतात, म्हणून तळ तिथे लवता हवा. न्हावी दिवसभर एका पायावर भार देऊन उभा असतो. विचारलं तर नाही म्हणतो, त्याला विचारू नये, झिजलेली टाच बघावी. एका कार्डापाशी ते बराच वेळ घुटमळले. ती बाई म्हणे बूट न्यायला यायची तेव्हा आधी नवऱ्याच्या कबरीवर जाऊन यायची, आणि मग...

"अप्पा, फक्त शेरा सांगा ना," धाकटी म्हणाली. "असं करत बसलो तर वर्षभर उरकायचं नाही."

अप्पांनी शेरा सांगितला. एका ओळीचा.

"वाच बघू, काय लिहिलंस," ते मधूनच म्हणायचे.

"सगळं झालं की दाखवते. प्रोग्रामच दाखवेल, नावासकट, ओळीने."

"त्याचं राहू दे. तू वाच."

"अप्पा, माझी लय मोडते मधेच थांबलं की!"

मग ते पुढच्या कार्डाची वाट बघत.

ती भराभर टाइप करत होती, एक शब्द गाळत नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता. आपली फक्त बोटंच ऐकत आहेत, हे तिला फार उशिरा उमगलं.

कार्डं संपली त्या आठवड्यात, एका सकाळी अप्पांच्या हातातला कप निसटला. या वेळी वाचा गेली. धाकटी इस्पितळाच्या बाकड्यावर बसून राहिली आणि इकडे क्लासमध्ये फाइलचा धडा होऊन गेला. अप्पांना घरी आणल्यावर तिने बेकरीवाल्या मुलीची वही मागून घेतली आणि त्यातला कोड ओळीला ओळ लावून आपल्या प्रोग्राममध्ये उतरवला, फाइलचं नाव तेवढं आपल्या फाइलचं घातलं. बेकरीवालीने नवी, रिकामी फाइल तयार केली होती. तिच्यासाठी तो कोड अगदी बरोबर होता.

तो चालवून बघायचा तो अप्पांच्या समोरच, असं धाकटीने ठरवलं. सगळं झालं की दाखवते, हा शब्द तिने दिला होता ना. तिने त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि लॅपटॉप स्टुलावर ठेवला. "अप्पा, आधी एक नवीन गिऱ्हाईक घालते," ती म्हणाली. गंमत म्हणून तिने स्वतःचाच पाय घातला. माप टाकलं, आणि शेऱ्यात लिहिलं: अजून शिकते आहे. अप्पांच्या डोळ्यांत हसू आलं.

मग तिने सगळे पाय दाखवायला सांगितलं.

पडद्यावर एक ओळ आली. तिचीच.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तिचीच ओळ, एकटी. तिने प्रोग्राम सोडून सरळ फाइल उघडली. आत तेवढंच होतं. अजून शिकते आहे.

अप्पा मान पुढे काढून वाट बघत होते.

"काहीतरी अडकलंय," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. "उद्या दाखवते हं, अप्पा."

अप्पांनी डावा हात जरासा उचलून खाली केला. सावकाश होऊ दे, घाई नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचा कोड नुसता पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले. मग एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे डब्ल्यू. फाइल उघडताना डब्ल्यू लिहिलं की ती आधी कोरी होते, मग लिहिते. जुनं तसंच ठेवून खाली जोडायचं असेल तर इथे ए हवा होता."

"एका अक्षराने?"

"एका अक्षराने."

"पण विचारत कशी नाही ती? पुसू का म्हणून?"

"नाही विचारत. तुम्ही सांगाल तसं करते. तुम्हाला माहीत आहे, असंच ती धरून चालते."

सर त्या दिवशी क्लास संपल्यावरही खटपट करत बसले. हरवलेल्या फाइली शोधणारं काही काही त्यांनी लॅपटॉपवर चालवून पाहिलं. कसल्या कसल्या फाइली वर आल्या, दादाच्या ऑफिसातली जुनी पत्रंसुद्धा आली, पण अप्पांचा एक शब्द सापडला नाही. "दुसरीकडे कुठे प्रत ठेवली नव्हती?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. "त्या दिवशी मी हे फळ्यावर मोठं लिहिलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही आला नव्हतात. मी फोन करायला हवा होता."

"तुमचा काय दोष, सर," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

कार्डं होती. आकडे होते. घरी जाऊन तिने पहिलं कार्ड उचललं आणि अप्पा काय म्हणाले होते ते आठवायला बसली. काही आठवलं नाही. दुसरं उचललं. अप्पांचा आवाज आठवत होता, दाराच्या फटीतून येणारं ऊन आठवत होतं, मध्येच त्यांना लागलेला ठसका आठवत होता. शब्द मात्र बोटांतून आत गेले होते आणि तिथूनच परस्पर निघून गेले होते. टपालवाला, गाणाऱ्या बाई, न्हावी, आणखी थोडे. कबरीवर जाऊन येणाऱ्या बाईचं नाव कोणत्या कार्डावर होतं, तेही सांगता येईना.

तिने अप्पांना सांगितलं नाही. रोज दुपारी अप्पा डाव्या हाताने लॅपटॉपकडे बोट करायचे आणि रोज ती काहीतरी थाप मारायची. सर आजारी आहेत. नवीन भाग मागवलाय. चार्जर बिघडलाय. थापा संपल्या तेव्हा ती दुपारची दुकानातच थांबू लागली, आणि मग अप्पांनी बोट करणं सोडलं. बरं झालं, असं तिला वाटलं. तसं वाटल्याची लाज पुढे कितीतरी काळ तिच्या मनातून गेली नाही.

असे बरेच आठवडे गेले. गाणं शिकवणाऱ्या बाई एकदा अप्पांना बघायला आल्या. पलंगाच्या कडेला बसून इकडचं तिकडचं बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "नवीन बूट छान दिसतो हो, पण संध्याकाळपर्यंत जीव काढतो."

अप्पांनी गादीवर हात आपटला. बाईंना कळेना. धाकटीला कळलं. "पाय वर घ्या म्हणतायत."

बाईंनी संकोचत बूट काढून पाय वर घेतला. अप्पांनी तो डाव्या हाताने धरला, जरा वेळ नुसताच धरला, आणि मग अंगठा सरकवत सरकवत एका जागी दाबला. गाठीपाशी नाही. तिच्याही खाली, बाजूला.

"आई गं! हीच जागा!" बाई ओरडल्या.

धाकटी दारात उभी होती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच उजेडात स्वतःचा मूर्खपणा दिसला. यांना सांगता येतंय. अजून येतंय. इतके दिवस आपण काय करत होतो? लपत होतो.

"अप्पा," ती म्हणाली, "ते सगळं गेलं. फाइल माझ्या हातून पुसली गेली. तुम्ही सांगितलेलं काहीच उरलं नाही. त्याच दिवशी गेलं. मी खोटं बोलत होते."

अप्पांनी बाईंच्या पायावरचा हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई उघडा पाय तसाच ठेवून बसून राहिल्या. धाकटीला वाटलं, त्यांनी ओरडावं, हाताला येईल ते फेकून मारावं. पण ओरडता त्यांना येत नव्हतं, आणि फेकलं त्यांनी काहीच नाही. बऱ्याच वेळाने त्यांचं तोंड पुन्हा इकडे वळलं. डोळे ओले होते आणि रागही होता. त्यांनी बाईंचा पाय पुन्हा हातात घेतला आणि हनुवटीने धाकटीला खूण केली. बस. लिही.

मग तिने गिऱ्हाइकांना फोन लावले. टपालवाला आला, न्हावी आला, आणखी काही आले. काहींचे फोन बंद होते, काही गाव सोडून गेले होते. येईल त्याचा पाय अप्पा हातात घ्यायचे. कुठे, ते अंगठ्याने सांगता यायचं. का, ते सांगता यायचं नाही. "चढामुळे का, अप्पा? उभं राहून? जुनी जखम?" ती विचारत राहायची. बरोबर असलं की ते पापण्या मिटून उघडायचे. चुकत गेलं की डोळे मिटूनच घ्यायचे. ती सगळं लिहायची आणि आता लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवायची. पण अप्पा लवकर दमायला लागले होते. एका पायानंतर झोपायचे. ती थापा मारत होती त्या आठवड्यांत ते बरेच तरतरीत होते, हे तिला दिसत होतं, आणि त्यावर आता कसलाच इलाज नव्हता.

एका पहाटे झोपेतच अप्पा गेले. बरीच कार्डं तशीच राहिली.

दादा आला. सगळं आवरल्यावर तो एकदा दुकानात येऊन स्टुलावर बसला. दुकान बंद करण्याबद्दल त्याने या वेळी काही काढलं नाही. भिंतीवरची कलबुतं बघत राहिला. धाकटीने त्याला फाइलची हकीकत सांगितली, काही न लपवता. तो ऐकत होता.

"सगळ्यांचे पाय होते त्यात?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचे. कार्ड होतं त्या प्रत्येकाचे."

"माझंही कार्ड असेल मग. लहानपणी मला ते बूट होते ना, पट्ट्याचे."

"होतं."

"काय म्हणाले अप्पा? माझ्याबद्दल?"

धाकटीने आठवून पाहिलं. ते कार्ड हातात घेतल्याचं आठवत होतं. अप्पा त्यावर खूप वेळ बोलले होते, इतर कुणावर बोलले नसतील इतका वेळ. एकदा हसले होते, मग खिडकीकडे बघत बोलले होते. आणि संध्याकाळी क्लासला जायचं म्हणून ती घड्याळाकडे बघत टाइप करत होती.

दादाला बरं वाटेल असं काहीतरी जुळवून सांगणं सोपं होतं. त्याला कधी कळलंही नसतं.

"खूप बोलले होते, दादा," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

दादाने मान हलवली. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. मग तो खाली वाकला आणि कुणी काही सांगितलेलं नसताना आपल्या ऑफिसच्या चकचकीत बुटाची नाडी सोडू लागला. धाकटी उठली, समोर येऊन खाली बसली आणि त्याचा पाय तिने मांडीवर घेतला. कुठे दाबावं, ते तिला कळत नव्हतं. ती नुसतीच धरून बसली.